तीन दंड, तीन खुणा

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आम्ही तीन पिढ्या एकाच घरात राहतो. सासूबाईंच्या दंडावर रुपयाएवढे दोन गोल वण आहेत. माझ्या डाव्या दंडावर एकच, वाटाण्याएवढा, मधे खळगा असलेला. माझ्या सात महिन्यांच्या मुलीच्या दंडावर मात्र निरखून पाहिलं तर जेमतेम एक ठिपका दिसतो. सासूबाई म्हणतात, "हिला टोचलेलं लागलंच नाही, परत टोचून आण." खरंच परत टोचावं लागतं का? आणि आमच्या तिघींच्या खुणा अशा वेगवेगळ्या का?

उत्तर : आधी घाईचं उत्तर देतो. परत टोचायचं नाही. मुलीच्या कार्डावर जन्माच्या वेळच्या रकान्यात बीसीजीची तारीख लिहिलेली असेल, तर तो विषय तिथे संपला. खूण उमटली नाही म्हणून बीसीजी पुन्हा देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही स्पष्ट सांगितलंय. आता निवांतपणे तिन्ही दंडांकडे बघू, कारण प्रश्न भारी आहे आणि त्याचं एक टोक थेट या शहराच्या इतिहासात जातं.

सासूबाईंच्या दंडावरचे वण देवीच्या लशीचे. देवीचा रोग तुम्ही पाहिलेला नाही, मीही नाही, आणि तो न दिसण्यामागे हे वणच आहेत. सासूबाईंच्या लहानपणी टोचायला जी सुई वापरत, ती आजच्या सुईसारखी नव्हतीच. दांडीच्या टोकाला एक छोटी दातेरी चकती असे. कातडीवर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती टेकवायची आणि दाबून गोल फिरवायची. कातडी खरवडली जाई, चारपाच दिवसांत तिथे फोड येई, तो भरे, पिके, त्यावर जाड खपली धरे आणि खपली पडली की आयुष्यभराचा वण उरे. एकाच बैठकीत दोन-दोन, कधी चार ठिकाणी असं करत. गावोगाव हे काम करणाऱ्या माणसाला 'देवी डॉक्टर' म्हणत आणि तो आला म्हटलं की पोरं कणगीमागे दडून बसत. पुढे दोन टोकांची बारीक सुई आली, तिने पंधराएक टोचे मारले की काम व्हायचं. त्यामुळे शेवटच्या काही वर्षांत टोचलेल्यांचे वण जरा आटोपशीर दिसतात. सासूबाईंचे वण जवळून पाहिलेत तर तळाशी बारीक खड्डे आणि कडेला रेघा दिसतील. ती देवीच्या लशीची ओळख.

भारतातल्या देवीच्या साखळीचा शेवटचा रुग्ण बिहारमध्ये सापडला तो मे १९७५ मध्ये. त्याच महिन्यात बांगलादेशातून आसामात आलेल्या एका बाईला देवी निघाली, त्यानंतर देशात कुणालाच नाही. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचं शिक्कामोर्तब झालं आणि मे १९८० मध्ये साऱ्या जगाचं. रोगच उरला नाही, तेव्हा लसही थांबली. म्हणून तुमच्या दंडावर ते वण नाहीत.

पण देवीच्या लशीची भारतातली गोष्ट सुरू झाली ती मुंबईत, आणि तीही एका मुलीपासून. १४ जून १८०२ या दिवशी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या पोरीला मुंबईत ही लस टोचली गेली आणि ती लागू पडली. भारतातली ती पहिली. लस आली होती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने. त्या काळी बर्फाची पेटी नाही, शीतगृह नाही. मग लस इतक्या लांबून टिकून कशी आली? माणसाच्या अंगावरून. एकाला टोचायचं, आठवड्याने त्याच्या फोडातला स्राव काढून दुसऱ्याला टोचायचा, त्याच्याकडून तिसऱ्याला. ॲनाच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना लस मिळाली आणि तिथून पुढे देशभर पसरली. लहान मुलांचे दंड हेच लशीचं वाहन, असा तो हिशेब. आज ऐकताना अंगावर काटा येतो, कारण एकाच्या फोडातून दुसऱ्याला दुसरे रोगही जात असणारच. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवायची पद्धत आली आणि मुलांची त्यातून सुटका झाली. मुंबई इलाख्यासाठी ही लस बेळगावच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये तयार होई.

१८७७ मध्ये कायदा करून मुंबई शहरात लहान मुलांना देवी टोचणं सक्तीचं केलं गेलं. शहरात म्हणजे कुठे, हे तुम्ही मुलुंडकर म्हणून लक्षात घ्या. त्या वेळी मुलुंड, बोरिवली, अंधेरी, घाटकोपर हे सगळं ठाणे जिल्ह्यातलं. अंधेरी-घाटकोपर महापालिकेत आलं १९५० मध्ये, आणि मुलुंड-बोरिवली त्याही नंतर, १९५७ मध्ये. उपनगरातल्या आज सत्तरीत असलेल्या माणसांना 'तुम्हाला कुणी टोचलं?' असं विचारलंत तर कुणी शाळा सांगेल, कुणी ग्रामपंचायत, कुणी कोकणातलं आजोळ. एकदा विचारून बघाच, गप्पांना बरा विषय आहे.

आता तुमचा दंड. तुमची खूण बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लशीची. काल्मेत आणि गेरां या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईगुरांना होणाऱ्या क्षयाचा जंतू घेतला आणि बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांच्या मिश्रणावर तो १९०८ पासून तेरा वर्षं पुन्हा पुन्हा वाढवला. दर खेपेला तो थोडा थोडा मवाळ होत गेला. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये एका तान्ह्या बाळाला ही लस पहिल्यांदा दिली गेली, तीही तोंडाने. आपल्याकडे १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडीला बीसीजीची प्रयोगशाळा सुरू झाली आणि पन्नाशीच्या दशकात देशभर मोहीम निघाली. सगळ्यांनी तिचं स्वागत केलं असं समजू नका. खुद्द राजाजींनी, म्हणजे सी. राजगोपालाचारींनी, १९५५ मध्ये या मोहिमेला जाहीर विरोध केला होता. लशीवरून वाद घालणारे व्हॉट्सॲपबरोबर जन्माला आले, हा आपला गैरसमज.

बीसीजीची खूण का उमटते, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मुलीच्या ठिपक्याचं उत्तर तिथेच आहे. बाकीची बहुतेक इंजेक्शनं मांसात जातात. बीसीजी कातडीच्या थरातच द्यावी लागते. सिस्टर बाळाचा दंड ताणून धरतात, सुई जवळजवळ आडवी ठेवतात आणि अर्धा दशांश मिलिलिटर, म्हणजे थेंबभर औषध आत सोडतात. त्या जागी पाच मिलिमीटरचा पांढुरका फुगवटा उठतो आणि अर्ध्या तासात बसतो. आयांना वाटतं झालं. पण लशीतले जंतू जिवंत असतात, मवाळ असले तरी. शरीर त्यांच्याशी हळूहळू झुंजतं. दोन-तीन आठवड्यांनी तिथे लाल पुटकुळी येते, पुढे ती मोठी होते, कधी फुटून थोडा पू येतो, खपली धरते आणि एकूण दोन-तीन महिन्यांत सगळं सुकून वण उरतो. या पुटकुळीला काही करायचं नाही. हळद नको, मलम नको, शेक नको, दाबून पू काढणं तर मुळीच नको. आंघोळ नेहमीसारखी घाला. काखेत मोठी गाठ आली, ती लाल झाली किंवा फुटली, तरच डॉक्टरांना दाखवा.

आता एवढंसं औषध, कातडीचा एवढासा थर आणि हातपाय झाडणारं दोन दिवसांचं बाळ. सुई केसभर खोल गेली तर औषध थराखाली उतरतं आणि खूण पुसट उमटते किंवा उमटतच नाही. लस करताना जंतूंचा कुठला वाण वापरला, यावरही फरक पडतो. महिन्याच्या आतल्या बाळाला मात्रा अर्धी असते. तुम्हाला कदाचित थोडं उशिरा, पूर्ण मात्रेने टोचलं असेल. काही मुलांना सगळं नीट होऊनही खूण येत नाही. डावाच दंड का, असंही काही जण विचारतात. त्यामागे वैद्यकीय गुपित नाही. सगळीकडे एकाच जागी टोचलं, तर तपासणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं, इतकंच.

बीसीजीकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही मोकळेपणी सांगायला हवं. तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात १९६८ पासून बीसीजीची फार मोठी चाचणी झाली, जगातल्या सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक. मोठ्या माणसांना होणारा फुप्फुसाचा क्षय ही लस रोखत नाही, असं तिच्यातून निघालं. मग देतो कशाला? कारण तान्ह्या आणि लहान मुलांना क्षय झाला, तर तो मेंदूच्या आवरणात शिरू शकतो किंवा रक्तातून अंगभर पसरू शकतो आणि त्यात मूल दगावू शकतं. या दोन भयंकर प्रकारांपासून बीसीजी चांगलं संरक्षण देते. तेवढ्यासाठी ती जन्मल्या जन्मल्या द्यायची. पण 'हिच्या दंडावर खूण आहे, हिला क्षय होणार नाही' असं समजून निर्धास्त राहू नका. घरात कुणाला क्षय निघाला, मग ते आजोबा असोत की भाड्याने राहणारा मुलगा, तर घरातल्या लहान मुलांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. अशा मुलांना रोग होऊ नये म्हणून सरकारी कार्यक्रमात फुकट औषध मिळतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, वजन अडून बसणं, नेहमी खेळणारं मूल मलूल होणं, ही लक्षणं चाळीत आणि टॉवरात सारखीच मोजायची.

इथे सासूबाईंना एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या काळी दंड बघून सांगता यायचं की पोराला टोचलंय की नाही. शाळेत नाव घालताना मास्तर बाही वर करायला लावत. आज ती सोय राहिलेली नाही. दीड महिन्याचं, अडीच महिन्याचं, साडेतीन महिन्याचं इंजेक्शन मांडीत जातं. त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूचा आजार हे पाच रोग अडवले जातात, आणि दोन दिवसांत त्याची काही निशाणी उरत नाही. पोलिओचे थेंब तर जिभेवरून गेले की संपलं. पोलिओ रविवारी करंगळीला लावलेली शाई हीच काय ती खूण, तीही आठवडाभराची. त्या शाईच्या बळावर आपण १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा एकही रुग्ण पाहिलेला नाही. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. तिचीही खूण नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत दंडावरच्या ठिपक्यापेक्षा मला काळजी आहे ती या दोन तारखांची, कारण ती सात महिन्यांची आहे आणि पहिली तारीख दोन महिन्यांवर आली आहे.

ही काळजी उगाच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ उसळली आणि बघता बघता शहरभर पसरली. गोवंडी म्हणजे घाटकोपरचा शेजार. कस्तुरबा रुग्णालयात मुलांची रीघ लागली, काही मुलं दगावली, आणि त्यांतल्या बऱ्याच मुलांनी लसच घेतलेली नव्हती. कोविडच्या दोन वर्षांत ज्यांचे डोस राहिले, ते राहूनच गेले होते. आरोग्य सेविका घरोघर फिरल्या, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला गेला, आणि जिथे साथ जोरात होती तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही लस दिली गेली. तो 'शून्य डोस', म्हणजे ठरलेले दोन पुढे घ्यायचेच.

गोवराइतका पसरणारा रोग क्वचितच. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू राहू शकतो. लिफ्ट, पाळणाघर, दवाखान्यातलं बाकडं, काहीही पुरतं. 'गोवर काय, निघतो आणि जातो' असं म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. पुरळ जातं हे खरं, पण पाठोपाठ न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणं येतं आणि डोळेही जाऊ शकतात. म्हणून गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ चा डोस देतात. नववा महिनाच का, तर तोवर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात असते आणि ती लशीलाही काम करू देत नाही. नऊ महिन्यांना दिलेली लस साधारण शंभरातल्या पंच्याऐंशी मुलांना लागते. उरलेल्या पंधरांसाठी दुसरा डोस. आणि नेमका हाच चुकतो, कारण तोवर मूल चालायला लागलेलं असतं, आई कामावर परतलेली असते आणि 'झाली की सगळी इंजेक्शनं' असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं.

उपनगरात डोस चुकायचं आणखी एक कारण मला वारंवार दिसतं. बाळंतपण माहेरी, म्हणजे कुणाचं चिपळूणला, कुणाचं कराडला. पहिली टोचणी तिकडची. तीन महिन्यांनी बाळ मुलुंडला येतं आणि कार्ड राहतं माहेरच्या कपाटात. इकडे सिस्टर विचारतात, "मागचं कधी दिलं?" आणि आई बोटांवर मोजायला लागते. माता-बाल संरक्षण कार्ड हाच आजचा दंडावरचा वण. कार्ड सांभाळा आणि त्याचे मोबाइलवर फोटो काढून आजीलाही पाठवून ठेवा. म्हणजे सासूबाईंना दंड तपासायचं कारण उरणार नाही.

प्रश्न : खासगी डॉक्टरांकडे 'बिनदुखीची' लस मिळते, महापालिकेच्या दवाखान्यातली घेतली की बाळ रात्रभर रडतं. महाग ती चांगली असते का? (अंधेरी पश्चिम)

उत्तर : फरक आहे तो डांग्या खोकल्याच्या भागात. सरकारी लशीत त्या रोगाचा मेलेला पूर्ण जंतू असतो, त्यामुळे मांडी सुजते, ताप येतो. 'बिनदुखीच्या' लशीत जंतूचे निवडक तुकडेच असतात, म्हणून त्रास कमी. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं, असं बऱ्याच देशांच्या अनुभवातून दिसलं आहे. थोडक्यात, जास्तीचे पैसे एका शांत रात्रीचे आहेत. ते द्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण फुकट मिळते म्हणून लस हलकी, असं नाही. रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल या एके काळी फक्त खासगीत मिळणाऱ्या लशी आता पालिकेच्या केंद्रातही देतात. गालगुंड, कांजिण्या, टायफॉइड यांच्या लशी मात्र सरकारी यादीत नाहीत. खर्च करायचाच असेल तर तो तिथे करा, आधी आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून. टोचल्यानंतरचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल द्यायचं ते वजनानुसार, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. थोरल्या भावंडाच्या बाटलीतलं अंदाजाने नको.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. सोसायटीच्या आवारात पडतो, गुडघे फोडून घेतो. दर वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं का? (घाटकोपर)

उत्तर : नाही. पाच वर्षांचा बूस्टर झाला असेल तर आठव्या वर्षी खरचटल्यावर काही लागत नाही. साबण आणि वाहतं पाणी, बस. नियम साधारण असा : जखम स्वच्छ असेल तर शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली आहेत का ते बघायचं, मातीची किंवा खोल असेल तर पाच वर्षं. पुढचे टीडीचे, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचे, डोस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी.

मुलगा आवारात खेळतो म्हणून एक जादा सांगतो. कुत्रा किंवा मांजर चावलं, नुसतं दातांनी खरचटलं तरी, जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या नळाखाली धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. मिरची, चुना काही लावायचं नाही. मुलं घरी सांगत नाहीत, कारण त्यांना पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती कुणीतरी घातलेली असते. ती इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, आता दंडावर चार-पाच खेपांत काम होतं. हे मुलाला आजच, काही झालेलं नसताना सांगून ठेवा. राजावाडी रुग्णालय तुमच्या जवळ आहेच.

प्रश्न : बाळाला दीड वर्षाचा डोस मे महिन्यात येतो, तेव्हा आम्ही गावी असू. शिवाय त्याला सारखी सर्दी असते. परत आल्यावर दिला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल का? (बोरिवली)

उत्तर : पहिल्यापासून काहीच करावं लागत नाही. उशीर झाला तर जिथे थांबलात तिथून पुढे. पण गावीच का देत नाही? प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात तीच लस, तीच फुकट. लसीकरणाचा दिवस कोणता ते आशाताईंना आधी विचारून घ्या, कारण खेड्यात रोज सत्र नसतं. साध्या सर्दीसाठी किंवा कणकणीसाठी लस पुढे ढकलू नये. चांगला ताप असेल, मूल निपचित असेल, तर थांबायचं. जाताना कार्ड बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवा आणि यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद झाली आहे का ते पालिकेच्या केंद्रात निघण्याआधीच विचारा. म्हणजे तिकडच्या सिस्टरना मागचे डोस मोबाइल नंबरावरूनही दिसतील.